तीस लाख रुपये आणि एक प्रश्न : ‘शिकून पुढे काय?’

पीएचडी करायची आहे असं घरात नुसतं बोलून दाखवलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘एवढी वर्षं शिकतं कोण?’ आणि दुसरा, ‘शिकून पुढे काय?’ आत्या विचारते, मामा विचारतो, शेजारचे काका तर दर गणपतीला विचारतात. तुम्हालाही विचारून झालं असेल.

गंमत म्हणजे भारतात संशोधनासाठी एक मोठी संस्था काढायची असा प्रस्ताव पहिल्यांदा सरकारपुढे गेला, तेव्हा व्हाइसरॉयने नेमके हेच दोन प्रश्न विचारले होते. तारीख होती ३१ डिसेंबर १८९८. नियोजित व्हाइसरॉय होता लॉर्ड कर्झन, आदल्याच दिवशी मुंबई बंदरात उतरलेला. आणि ज्यांच्या वतीने शिष्टमंडळ त्याला भेटायला गेलं होतं ते होते मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांनी या कामासाठी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती. एवढी रक्कम तयार असूनही पहिला विद्यार्थी वर्गात बसायला १९११ साल उजाडलं. मधल्या साडेबारा वर्षांत काय झालं, ते आज बघू. संशोधनाचं शास्त्र आपण शिकतोच, पण संशोधनाला पैसा कसा लागतो आणि तो कोणत्या अटींवर येतो हेही लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधी माहीत असलेलं बरं.

पैसा आला कुठून?

दानशूर माणसाची गोष्ट सांगताना आपण थेट दानापासून सुरुवात करतो आणि कमाईचा भाग गाळतो. तो गाळू नका. जमशेटजींचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात. वडिलांच्या पेढीचा व्यापार चीनशी होता आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. १८५९ मध्ये तरुण जमशेटजींना हाँगकाँगला पाठवलं गेलं ते याच धंद्यासाठी. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. टाटांनाही जबर फटका बसला. त्यातून सावरायला मदत झाली ती १८६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत ब्रिटिश फौजेला माल पुरवण्याच्या कंत्राटाची. त्याच वर्षी जमशेटजींनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

खरा पैसा मात्र आला नागपुरातून. १ जानेवारी १८७७ ला तिथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची हा हिशेब होता. मुंबई सोडून नागपूरला गिरणी काढणारा माणूस म्हणजे पैसे मातीत घालणारा, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. याच गिरणीत त्यांनी सूत कातायची नवी ‘रिंग’ पद्धत लवकर आणली. लँकेशायरचे गिरणीवाले अजून जुन्या ‘म्यूल’ यंत्रांवर विसंबून होते, तेव्हा नागपुरात नव्या यंत्राची चाचणी चालू होती. नवं यंत्र आणायचं, मोजून बघायचं, पटलं तर जुनं काढून टाकायचं अशी त्यांची सवय. विज्ञानासाठी दान करणाऱ्या व्यापाऱ्याला विज्ञानाची किंमत कुठे कळली, याचं उत्तर मला तरी गिरणीत सापडतं.

आधी माणसं, मग इमारत

१८९२ मध्ये जमशेटजींनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरता एक निधी काढला. सुरुवातीला तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता, दोनच वर्षांत सगळ्यांना खुला झाला. त्यातली एक अट लक्षात ठेवा. हे पैसे कर्जाऊ मिळत. शिकून आलात, कमवायला लागलात की परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्याला मिळतात. अगदी सुरुवातीला ज्यांना हा निधी मिळाला त्यांत दोन डॉक्टर स्त्रिया होत्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पुढे जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही याच निधीचे विद्यार्थी म्हणून. निधी आजही चालू आहे.

पण परदेशी पाठवून किती जणांना पाठवणार? आणि परत आल्यावर ते काम कुठे करणार? मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होतं, पण तेव्हाची आपली विद्यापीठं प्रामुख्याने परीक्षा घेणारी होती. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने पेपर काढायचे आणि पदव्या द्यायच्या. संशोधन हे कुणाचंच काम नव्हतं. १८८९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर आणि विद्यापीठाचे कुलपती लॉर्ड रे यांनी एका भाषणात ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली. जमशेटजींच्या मनात तो विचार घोळत राहिला आणि सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी लॉर्ड रे यांनाच पत्र लिहून आपली योजना कळवली.

इथे जरा थांबू या. स्वामी विवेकानंद आणि जमशेटजी एकाच बोटीवर भेटले, स्वामीजींनी सांगितलं आणि संस्थेचा जन्म झाला, ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. १८९३ मध्ये जपानहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर दोघं एकत्र होते, हे खरं. नोव्हेंबर १८९८ मध्ये जमशेटजींनी त्या प्रवासाची आठवण देत स्वामीजींना पत्र लिहिलं, हेही खरं. पण तारखा ओळीने मांडा : १८८९ चं भाषण, १८९२ चा निधी, १८९३ चा प्रवास, १८९६ चं पत्र, १८९८ चं पत्र. आता सांगा, सगळी कल्पना बोटीवर जन्मली असं म्हणता येईल का? प्रवासातल्या गप्पांनी तिला बळ दिलं असेल. पण बी आधीच पडलं होतं. तारखा ओळीने मांडणं हे इतकं साधं काम आहे, पण इतिहासातल्या निम्म्या दंतकथा त्यानेच जागेवर येतात.

तीस लाख म्हणजे नक्की काय?

आपल्या डोळ्यांसमोर लगेच नोटांची पेटी येते. प्रत्यक्षात ही देणगी होती मुंबईतल्या १४ इमारती आणि ४ जमिनींची. एकूण किंमत ३० लाख, आणि भाड्यातून दरवर्षी येणारं उत्पन्न सुमारे सव्वा लाख. म्हणजे साधारण चार टक्के. जमशेटजींच्या स्वतःच्या संपत्तीचा हा जवळपास निम्मा हिस्सा होता, असं सांगतात.

यात मोठं शहाणपण आहे. रोख रक्कम दिली असती तर इमारत उभी राहिली असती, उद्घाटन झालं असतं आणि पाच-सात वर्षांत खडखडाट. प्रयोगशाळेचं खरं दुखणं पहिल्या दिवशीच्या खर्चाचं नसतं, ते पंधराव्या वर्षीच्या खर्चाचं असतं. काच फुटते, रसायनं संपतात, पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. म्हणून जमशेटजींनी भाडं देणारी मिळकत दिली. मुंबईतल्या भाडेकरूंच्या भाड्यावर पुढे बंगळूरला रसायनशास्त्र चाललं!

योजना कागदावर आणायचं काम बुर्जोरजी पादशहा यांच्याकडे होतं. जमशेटजींनी त्यांना युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पाहणीला पाठवलं. त्यांना सगळ्यात भावलं बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. ते १८७६ मध्ये सुरू झालं होतं आणि संशोधन हेच विद्यापीठाचं मुख्य काम मानणारं होतं. तेही उभं राहिलं होतं एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून.

पादशहांच्या मूळ आराखड्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाबरोबर वैद्यक होतं, आणि तत्त्वज्ञान-शिक्षण-इतिहास असा तिसरा विभागही होता. १९११ मध्ये संस्था उघडली तेव्हा हाती उरले ते रसायनशास्त्राचे दोन विभाग आणि विद्युत तंत्रज्ञानाचा एक. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना तुमचा गाईड अर्धी पानं कापतो ना? त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे.

कर्झनचे दोन प्रश्न

आता त्या भेटीकडे वळू. कर्झनला शंका होती की एवढ्या वरच्या पातळीचं शिक्षण घ्यायला पुरेसे तयार विद्यार्थी भारतात मिळतील का? आणि मिळाले, तर शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार?

कर्झनच्या हेतूबद्दल काहीही म्हणा, प्रश्न वेडगळ नव्हते. त्या काळी देशात मोठे रासायनिक कारखाने नव्हते, वीजनिर्मिती नव्हती म्हटलं तरी चालेल, आणि सरकारी शास्त्रीय खात्यांतल्या वरच्या जागा बहुतेक गोऱ्यांकडे होत्या. म्हणजे उद्योग नाहीत म्हणून शास्त्रज्ञ नकोत, आणि शास्त्रज्ञ नाहीत म्हणून उद्योग नाहीत. या चक्राला कुठेतरी हात घालणं भाग होतं.

सरकारने मग आपल्या पद्धतीने वेळ काढला. १९०० च्या शेवटी लंडनहून प्रा. विल्यम रॅमसे यांना बोलावलं. निष्क्रिय वायूंच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले हेच ते रॅमसे, १९०४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांनी देशभर फिरून अहवाल दिला आणि जागा सुचवली बंगळूरची. सरकारला खर्च जास्त वाटला. मग दुसरी समिती : मेलबर्नचे प्रा. मॅसन आणि रुरकीच्या थॉमसन कॉलेजचे कर्नल क्लिबॉर्न. जमशेटजींच्या सुरुवातीच्या योजनेत संस्थेची देणगी आणि कुटुंबासाठीची तरतूद एकत्र बांधलेली होती. सरकारने त्यावरही हरकत घेतली आणि अखेर ती गाठ सोडावी लागली.

बंगळूरच का? हवा चांगली हे कारण होतंच. पण निर्णायक ठरली ती म्हैसूर संस्थानाची तयारी. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी उत्साह दाखवला आणि महाराज कृष्णराज वाडियार अज्ञान असल्याने कारभार पाहणाऱ्या राजमातांनी पाठिंबा दिला. अखेर संस्थानाने ३७१ एकर जमीन, बांधकामासाठी ५ लाख रुपये आणि दरवर्षी ५०,००० रुपये दिले. व्यापाऱ्याच्या मिळकती, संस्थानाची जमीन आणि ब्रिटिश सरकारचं अनुदान अशा तीन पायांवर संस्था उभी राहिली. एकाच मालकाची ती कधीच नव्हती. जमशेटजींनी संस्थेला स्वतःचं नाव देऊ दिलं नाही, हे याच विचाराशी जुळतं. नाव ठेवलं असतं तर इतरांनी कशाला हात लावला असता? बंगळूरच्या लोकांनी मात्र तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हटलं, आजही म्हणतात.

जमशेटजींना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाद नाउहाइम इथे ते वारले. १९०५ मध्ये सरकारने योजना मान्य केली. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी वडिलांचा शब्द पाळला, मिळकती दिल्या. १९०६ च्या अखेरीस रॅमसेंचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स पहिले संचालक म्हणून आले. २७ मे १९०९ ला कायदेशीर आदेश निघाला आणि जुलै १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. भारतीय विज्ञान संस्था सुरू झाली.

वर्गणीतून उभी राहिलेली दुसरी वाट

विज्ञानाला पैसा मिळायला एखादा टाटाच लागतो, असा समज मात्र करून घेऊ नका. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्येच ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ काढली होती, तीही वर्गण्या आणि देणग्या गोळा करून. पैशांची ओढाताण त्यांना जन्मभर पुरली. तेही १९०४ मध्येच वारले, जमशेटजींच्या तीन महिने आधी. १९०७ मध्ये सरकारी हिशेबखात्यातला एक तरुण अधिकारी त्या संस्थेत येऊ लागला आणि कचेरीच्या वेळेआधी-नंतर प्रयोग करू लागला. त्याचं नाव चंद्रशेखर व्यंकट रामन. १९२८ चा रामन परिणाम त्याच वास्तूतला. रामन पुढे १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. एक वाट वर्गणीची, दुसरी एका मोठ्या देणगीची, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन मिळाल्या.

मग प्रश्नांची उत्तरं मिळाली का?

‘काम कोण देणार?’ याचं पहिलं ठळक उत्तर युद्धाने दिलं. म्हैसूरचं चंदन जर्मनीला जायचं आणि त्याचं तेल तिकडे निघायचं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा व्यापार अडला. तेव्हा बंगळूरच्या संस्थेत सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढायची पद्धत बसवून दिली. संस्थानाने कारखाना काढला आणि त्या तेलापासून पुढे म्हैसूर सँडल साबण आला. नोकऱ्या आधी तयार नव्हत्याच. प्रयोगशाळा आधी आली, कारखाना तिच्या मागून.

‘विद्यार्थी कुठून येणार?’ याचं उत्तर आपल्या जास्त जवळचं आहे. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत नारायणराव आणि माधवराव भागवत हे दोघे भाऊ होते. नारायणरावांची मुलगी कमला मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाली, गुणवत्ता यादीत वर आली आणि १९३३ मध्ये तिने वडिलांच्याच संस्थेत अर्ज केला. संचालक रामन यांनी नकार दिला. कारण एकच, ती मुलगी होती. वर्गणीतून चाललेल्या प्रयोगशाळेत ज्यांना स्वतःला आसरा मिळाला होता, त्यांनीच इथे फाटक लावून घेतलं. कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी बंगळूरला जाऊन प्रवेशासाठी धरणंच धरलं. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवायच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षानंतर संस्थेचे दरवाजे मुलींना उघडले. कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या कमला सोहोनी याच.

देणगीने इमारत मिळते, उपकरणं मिळतात, विद्यावेतन मिळतं. आत कोणाला घ्यायचं हे मात्र देणगी ठरवत नाही. ते त्या त्या वेळी खुर्चीवर बसलेली माणसं ठरवतात, आणि कधीकधी दारात बसून राहणारी एखादी मुलगी.

पुढे ही पद्धत रुळली. बंगळूरच्याच संस्थेत काम करणाऱ्या होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. ट्रस्टने सुरुवात करून द्यायची, मग सरकारने मोठा भार उचलायचा. आज तुम्ही नेट देऊन जी फेलोशिप मिळवायला बघताय ती जनतेच्या कराची आहे. देणारा बदलला. ‘पुढे काय?’ हा प्रश्न तोच राहिला.

आता तुमचं काम

प्रवेश घेण्याआधी ज्या लॅबमध्ये जायचं आहे तिथले अलीकडचे चार-पाच शोधनिबंध उघडा आणि शेवटची आभाराची ओळ वाचा. पैसा कुणाचा, किती वर्षांचा, कुठल्या कामासाठी, याचा अंदाज तिथेच येतो. तीन वर्षांच्या प्रकल्पावर पाच वर्षांची पीएचडी बेतायची असेल तर उरलेल्या दोन वर्षांचं काय, हे गाईडला पहिल्याच भेटीत विचारा. विचारण्यात संकोच नको. जमशेटजींनी भाड्याच्या इमारती दिल्या त्या याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

आणि एक छोटा सराव. जुन्या कॉलेजांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात. कमलाबाई पुढे मुंबईच्या ज्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, तीही कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मूळजी अशा मुंबईकर धनिकांच्या देणग्यांतून उभी राहिलेली. तुमच्या विभागात अशी पाटी असेल तर नाव आणि साल उतरवून घ्या. मग ग्रंथालयात जाऊन विद्यापीठाचं जुनं कॅलेंडर मागा. त्यात देणग्या आणि पारितोषिकं त्यांच्या अटींसकट छापलेली असतात. ती अट वाचा आणि आज ते पैसे त्याच कामाला लागतात का, ते शोधून काढा. दोन दुपारींचं काम आहे, आणि संशोधनाची सुरुवात करायला यापेक्षा स्वस्त विषय मिळायचा नाही.